पिटुकलीचे दोन महिने

मंडळी, विमानाचं स्वस्त तिकीट शोधताना ज्याचं डोकं ठिकाणावर राहिलं, असा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि जन्माला येणाऱ्यांची नोंद ठेवणारे आपले दाखलेसाहेब तर त्यातले नव्हतेच.

दाखलेसाहेब म्हणजे कुणी मोठे साहेब नव्हेत हं. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत दोन नंबरच्या खिडकीमागे बसणारे साधे कारकून. जन्माचे दाखले देतात म्हणून लोक दाखलेसाहेब म्हणत आणि तेही ओ देत.

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी घरात छाती फुगवून जाहीर केलं होतं, "या सुट्टीत दादाकडे जायचं. तेही विमानाने!" दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठी राहायचा. बसने जायला दोन दिवस लागत, म्हणून बहीणभावाची पाच वर्षं भेट नव्हती. धाकट्या भाचीला, पिटुकलीला, तर त्याने फक्त फोनवरच पाहिलेलं.

त्या दिवशी तिकिटं परवडण्यासारखी होती. बायको म्हणालीही, "काढून टाका हो."

"थांब गं, अजून उतरतील. घाई करणाऱ्यालाच हे लोक लुटतात."

उतरतायत कसली! आठवड्याभरात भाव चढले. दाखलेसाहेब चिडले आणि हट्टाने आणखी थांबले. सकाळी दात घासताना मोबाइल, जेवताना मोबाइल, बसच्या रांगेत मोबाइल. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा आणि 'आता काढूच' म्हणेपर्यंत तिसराच! "अरे, ही काय भाजी आहे का तासातासाला महाग व्हायला?" असं ते मोबाइलवरच खेकसायचे. थोरली पोरगी तर बाबांच्या आसपास फिरकायचीच बंद झाली.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांना वाट सापडली. दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा घ्यावी लागत नाही, मांडीवर बसवून जवळजवळ फुकटात नेता येतं! पिटुकली गेल्याच महिन्यात दोनची झाली होती. दाखलेसाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. अंगाने बारीक, बोलणंही अजून बोबडं. कुणाला कळणार आहे? त्यांनी तिची जन्मतारीख दोन महिने पुढची टाकली आणि तिकिटं काढून मोकळे झाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना चहा गोड लागला.

तो गोडवा चहा संपेपर्यंतही टिकला नाही. तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लहान मुलाच्या जन्माचा दाखला सोबत आणणे आवश्यक.' दाखलेसाहेबांनी कपाळावर हात मारला. मग हळूच तो हात खाली आला. दाखला? अहो, दाखले देतं कोण!

सोमवारी खिडकी उघडली तीच एका इस्त्रीवाल्याच्या तोंडावर. तो अजिजीने म्हणाला, "साहेब, पोराला शाळेत घ्यायला दोन महिने कमी पडतायत. तेवढी तारीख मागे घ्या ना. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"तारीख म्हणजे काय शर्टाची घडी आहे का, हवी तशी मोडायला?" दाखलेसाहेब कडाडले. "चूक असेल तर दुरुस्ती होईल. सोयीसाठी होणार नाही. चला, पुढचा!"

इस्त्रीवाला मान खाली घालून गेला. आणि दुपारी खिडकी बंद झाल्यावर याच दाखलेसाहेबांनी कपाटातून तारीख दुरुस्तीचा कोरा अर्ज काढला. मुलीचं नाव लिहिलं. कारण लिहिलं, 'नोंद करताना झालेली चूक.' वडिलांची सही केली. तपासणाऱ्या कारकुनाची सही केली, तो कारकूनही तेच! एकच रकाना उरला, आईच्या सहीचा. या सहीशिवाय त्यांनी आजवर कुणाचा अर्ज घेतला नव्हता. आया कडेवर पोर घेऊन तीन-तीन वेळा परत आल्या होत्या, पण साहेबांनी नियम सोडला नव्हता. त्यांनी अर्ज डब्याच्या पिशवीत घातला.

घरी बायको थोरलीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवत होती. चहा पिता पिता त्यांनी आधी इस्त्रीवाल्याची हकीकत रंगवून सांगितली, मग कागद पुढे सरकवला.

"इथे सही कर गं जरा."

"कसला कागद?"

"कचेरीचा. तू कर ना."

बायकोने सुई फ्रॉकमध्ये टोचून ठेवली आणि कागद वाचला. सावकाश, पहिल्या ओळीपासून.

"अहो, ही तारीख कुणाची?"

"अगं, दोनच महिन्यांचा प्रश्न आहे! एक अख्खं तिकीट वाचतंय. पुढे बरोबर करून घेईन की."

"सतरा तास कळा सोसल्या मी. तुम्ही बाहेर येरझाऱ्या घालत होतात. ते सतरा तास आता दोन महिने पुढे ढकलू?"

दाखलेसाहेबांनी आवाज चढवला. "आणि ती विमानवाली माणसं? तीन महिने माझं रक्त आटवलंय त्यांनी! ते दिवसातून दहादा भाव बदलतात ते चालतं. मी एकदा एक तारीख बदलली तर लगेच पाप?"

"भाव त्यांचा आहे, त्यांनी बदलला. ही तारीख तुमची आहे का?" बायको शांतपणे म्हणाली. "ती पिटुकलीची आहे. उद्या तिची लस कुठल्या तारखेपासून मोजायची? शाळेत कुठलं वय सांगायचं? आणि मांडीवर न्यायचं ते दोन वर्षांपर्यंतच, हे कुणीतरी विचार करूनच ठरवलं असेल ना? आज सकाळी त्या इस्त्रीवाल्याला घालवून दिलंत. मघाशी मला वाटलं, किती सरळ माणूस आहे माझा."

"मग दादाकडे जायचं नाही का?"

"नाही जमलं तर नाही जाणार." तिने कागद परत सरकवला. "पाच वर्षं वाट पाहिलीय, आणखी पाहीन. पण ही सही मी करणार नाही."

छे! तीन महिने जगावर चिडलेल्या या माणसाला आता चिडायला दुसरं कुणी उरलंच नाही. राहता राहिले ते स्वतःच! दोन नंबरच्या खिडकीतून हाकललेली सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्या रांगेत शेवटी त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले.

"चुकलो गं," ते म्हणाले. एवढंच.

मग दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसली. आधीची तिकिटं रद्द करताना दंड बसला तो बसलाच. बायकोने विचारलं, "शनिवारीच का जायचं? मंगळवारी बघा की." मंगळवारी पहाटेचं विमान खरंच स्वस्त होतं. सामानाची एक बॅग कमी झाली. येताना दोन दिवस बसने यायचं ठरलं. आणि चौथं तिकीट निघालं, पूर्ण, खऱ्या तारखेचं!

मंगळवारी पिटुकली स्वतःच्या जागेवर, पट्टा बांधून, तोंड उघडं टाकून झोपली होती. पलीकडे बायको आणि थोरली खिडकीतून ढग बघत होत्या. उतरायला थोडा वेळ उरला असताना विमानाला अचानक जोरात हिसका बसला. दाखलेसाहेबांच्या हातातला चष्मा उडून पुढच्या रांगेत पडला. लोक ओरडले. त्यांनी घाबरून पिटुकलीकडे हात टाकला, पण तो पोचेपर्यंत सगळं शांतही झालं होतं. ती पट्ट्यात तशीच होती, फक्त जागी झालेली.

त्यांनी आपल्या मांडीकडे पाहिलं. साधा चष्मा ज्या हातांना धरता आला नाही, त्या हातांत ही पोर असती तर? त्यांनी पिटुकलीचा पट्टा पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

मंडळी, काटकसर जरूर करा. वेळेवर तिकीट काढा, आडवार निवडा, सामान कमी न्या, त्यात लाज कसली! पण खोटं लिहून पैसे वाचवू नका. आपण म्हणतो कुणाचं काही जात नाही, आणि जाणार असतं ते आपल्याच पोराचं.

बाहेर दादा उभा होता. त्याने पिटुकलीला उचललं आणि विचारलं, "केवढी गं तू?"

तिने दोन बोटं दाखवली.