माणूस आत आहे

भंडारा हातात घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा हाय. पिंके, हसू नको. मागं आपल्या म्हशीनं ट्रॅक्टर ओढल्याचं सांगितलं, त्यात थोडं वाढवलं होतं, कबूल. हे तसं न्हाई.

तुझ्या बापाला, रणजीतला, स्ट्रेचरवरून आत न्यायच्या आधी नर्सबाईनं त्याच्या कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. पॅन्टच्या खिशात किल्ली लागली. बघताच ओळखली मी.

चाकणच्या कंपनीत तो वेल्डिंगचे रोबो सांभाळतो. त्यांच्या पिंजऱ्यात शिरायचं तर दारावर ज्यानं त्यानं आपलं कुलूप लावायचं, त्यावर आपला फोटो, अन् किल्ली आपल्याच खिशात. कुलूप हाय तोवर रोबो हलत न्हाई, सगळी लाइन थांबते. आदल्या दिवशी पिंजऱ्यातच त्याला भोवळ आली. पोरांनी उचलून दवाखान्यात आणला. कुलूप तिकडं राहिलं, किल्ली इकडं आली.

प्रेशर दोनशेच्या वर. सात वर्षांपूर्वी माझी एक किडनी त्याच्या पोटात बसवली, ते तुला ठाऊक हाय. मी तिला माझी लेक म्हणते, सासरी दिलेली. तिच्याकडं रक्त नेणारी नळी अरुंद झाली होती. उघडली न्हाई तर लेक वाळणार, अन् रणजीत पुन्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला.

डॉक्टर विजयश्रीबाईंनी नीट समजावलं. मांडीतून केसाएवढी तार घालायची, फुगा फुगवून नळी रुंद करायची, आत बारीक जाळी बसवायची. तार पुढं सारणार रोबो, अन् बाई काचेपलीकडं बसून त्याला चालवणार. रणजीतचा चेहरा उतरला.

"आई, आमच्या कंपनीत माणूस आत असताना रोबो चालू करत नाहीत."

"इथं चालवणारी बाई हाय," मी म्हणाले. "तुमच्यासारखी ओव्हरटाइमनं पेंगणारी न्हाई."

हसला जरासा. मग दार बंद झालं.

किल्ली मुठीत धरून मी बाकड्यावर बसले. तेवढ्यात त्याच्या शिफ्टचा अरबाज आला, खांद्याला बॅग. त्यानं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं.

"किल्ली मागायला आलास ना? मिळायची न्हाई. माझा माणूस अजून आत हाय."

त्यानं माझ्या मुठीकडं पाहिलं. बॅगेच्या चेनवरचा हात मागं घेतला. मग फोन कानाला लावून चार पावलं लांब गेला, मला ऐकू येईल एवढाच लांब.

"साहेब, माणूस आत आहे. कुलूप उघडायचं नाही. हो, थांबू दे लाइन."

येऊन माझ्याजवळ बसला. सव्वा तास हलला न्हाई. एवढी मोठी कंपनी, ते सगळे रोबो हात वर करून माझ्या लेकासाठी उभे हायत, या विचारावर मी तो सव्वा तास काढला.

विजयश्रीबाई हसतच बाहेर आल्या. नळी उघडली होती. संध्याकाळपर्यंत रणजीतची लघवीची पिशवी अशी टम्म भरली, की मी तिलाच हात जोडले. नर्स म्हणाली, आजी, गणपती तिकडं कोपऱ्यात आहे. म्हटलं, त्यालाही जोडते, पण आधी हिला. लेक पुन्हा नांदायला लागली.

किल्ली अरबाजच्या हातावर ठेवली. म्हटलं, जा, करा आता चालू. त्यानं ती जपून वरच्या खिशात टाकली.

आता कबूल करते. यातली एक गोष्ट बनवलेली हाय. पण या खेपेला मी न्हाई बनवली. रणजीत कामावर परत गेला तेव्हा कळलं. माणूस बाहेर असल्याची खात्री करून साहेबांनी आदल्या दुपारीच कुलूप कापलं होतं. लाइन तासाभरात चालू झाली होती. ते कापलेलं कुलूप, फोटोसकट, अरबाजच्या बॅगेत होतं. माझ्याकडं द्यायलाच आणलं होतं त्यानं. अन् फोनच्या पलीकडं कोणीच नव्हतं.

ईदला त्याच्याकडं जाऊ, तेव्हा यातलं काही बोलू नको हां. मला अजून खरंच वाटतंय, असंच त्याला वाटू दे.