जुन्या हाकेला ओ

कंपनीतले सगळे प्रोग्राम बंद डब्यांत ठेवलेले असत. प्रत्येक डब्यात त्या त्या प्रोग्रामला लागणारं सारं सामान भरलेलं, म्हणजे डबा उचलून कुठल्याही मशीनवर नेऊन ठेवला तरी तो तिथे मुकाट्याने चालायला लागे. या डब्यांना कंटेनर म्हणत, आणि ते चालवणारी अवजारं तिनेच आणलेली, तिनेच बसवलेली होती. त्यामुळे ही अवजारं बदलून नवी घ्यायची असं साहेबांनी ठरवलं, तेव्हा ती "चालेल" म्हणाली खरी. पण घरी जाताना चारचौघांत कुणीतरी आपला पाणउतारा केल्यासारखं तिला वाटत राहिलं.

नाही म्हणायला जागा नव्हती. जुन्या अवजारात एक राखणदार प्रोग्राम सतत वर बसलेला असे. कुठलाही डबा उघडायचा की मिटायचा, तो त्याच्याच हातून. साऱ्या घराच्या किल्ल्या त्या एकट्याच्या कमरेला. तो फितूर झाला की घर लुटलं जाणार आणि तो आजारी पडला की सगळ्यांना उपास. नव्यात असा राखणदारच नव्हता.

"मग लक्ष कोण ठेवतं?" तिने विचारलं होतं.

"कुणी लागतच नाही, मॅडम," शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर म्हणाला. "ज्याचं तो बघतो."

"नव्याचे नऊ दिवस," ती म्हणाली. तो हसला, आणि आपण एकदम म्हाताऱ्या झाल्यासारखं तिला वाटलं.

तिच्या घरीही तिच्यावाचून पान हलत नसे, निदान तिची तशी समजूत होती. नवरा स्वभावाने गरीब. स्वतःचे मोजेसुद्धा तिला विचारल्याशिवाय त्याला सापडायचे नाहीत. मुलगी लहान होती, तिला सगळे चिमणी म्हणत. सकाळी फोनवर ऑफिसचे निरोप वाचता वाचता ती चिमणीची वेणी घाली, आणि घाईत अशी करकचून घाली की पोरीच्या डोळ्यांत पाणी येई. "आई, दुखतं." "मग सरळ बस." हा त्यांचा रोजचा संवाद. दिवसभरातला बहुतेक तेवढाच.

ऑफिसातला बदल कुणाला कळू नये असा करायचा होता. काही दिवस जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं, एकच काम दोघांना द्यायचं, दोघांची उत्तरं ताडून बघायची. फरक पडत नाही अशी खात्री झाली की जुनं काढून टाकायचं. लोकांच्या बोटांना जुन्या अवजाराचंच नाव टाइप करायची सवय होती, म्हणून तिने एक छोटीशी सोय करून ठेवली. हाक जुन्याच्या नावाने मारली, तरी ओ नव्याने द्यायची. ही युक्ती साहेबांना फार आवडली.

दोन्ही अवजारं सुरू झाली त्याच आठवड्यात, एका सकाळी ती कंगवा घेऊन वळली तर चिमणी दप्तर अडकवून उभी. वेणी घातलेली होती, मऊ आणि नीट, टोकाला निळी रिबन.

"कुणी घातली?"

"तूच की," चिमणी म्हणाली. "आज दुखलं नाही."

कामाच्या गडबडीत लक्षात राहिलं नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण हातातल्या कंगव्यात एकही केस नव्हता.

मग शाळेची पालकसभा ती साफ विसरली. ओशाळून तिने बाईंना फोन केला, तर बाई म्हणाल्या, "अहो, माफी कसली? काल किती छान बोललात तुम्ही. लेकीचं अर्धं दडपण उतरलं." काल त्या वेळी ती ऑफिसात उत्तरं ताडत बसली होती. नवऱ्याला सांगायला गेली, तर तो मोजे चढवत म्हणाला, "हल्ली तू बरी असतेस. चिडत नाहीस." मोजे त्याला न विचारता सापडले होते. त्याला काय सांगणार? घरी आपण नसतोच हे सांगायचं, तर ते त्याच्या इतके दिवस कसं लक्षात आलं नाही हेही विचारावं लागलं असतं. तिला भीती वाटली, हे खरं. पण भीतीहून मत्सर जास्त वाटला, आणि तो कुणापाशी बोलण्यासारखा नव्हता.

ऑफिसात ती रोज ताळा बघे. चुका काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि एखादी तरी निघावी म्हणून ती पुन्हा पुन्हा शोधे. फरक नव्हता.

"मग जुनं कशाला पोसायचं?" साहेब म्हणाले. "काढून टाका."

तिने स्वतःच्या हाताने राखणदार थांबवला. ज्याच्यावाचून काही चालणार नाही असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती तो गेला, आणि एक फोन वाजला नाही, कुणी मान वर केली नाही. सवयीने तिने जुन्या नावाने हाक मारून पाहिली. लगेच ओ आली.

"कुणाला पत्ताही लागला नाही," साहेब खूश होते. "याला म्हणतात काम."

तिला त्यांचा असा संताप आला की पर्स उचलून ती तडक निघाली. तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

घराच्या खिडक्यांवर अजून ऊन होतं. वाटेत तिने ठरवलं होतं, खेळायला जाण्याआधी चिमणीला जवळ बसवायचं, फोन बंद ठेवायचा, वेणी सैल घालायची. एवढं आपल्यालाही जमेल. दारापाशी पर्स चाचपली तर किल्ली नव्हती. आतून चिमणीने हाक मारली, "आई!" आणि ती तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "आले गं बाळा." आवाज तिचाच होता, फक्त दमलेला नव्हता.

तिने बेल दाबली.

दार चिमणीने उघडलं. वेणी अर्धीच घातलेली, उरलेले केस मुठीत धरलेले.

"कोण हवंय तुम्हाला?" चिमणी म्हणाली. "आई आत आहे. बोलावू?"

तिला ओरडता आलं असतं, पोरीला घट्ट धरता आलं असतं. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "दुखत नाही ना?"

चिमणीने मानेनेच नाही म्हटलं. मग तिने दार लोटलं आणि आतून कडी लावली. अनोळखी माणसासमोर दार उघडं ठेवायचं नाही, हे तिला तिच्या आईने बजावून ठेवलं होतं.