फोनची यादी वर कशी आली

सोमनाथ आला तेव्हा सव्वातीन वाजले होते. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तो घटाघटा पाणी प्याला आणि म्हणाला, "सर, संस्कृतीला न्यायला आलोय. रतनताईनं टोळीच्या मुकादमाकडून निरोप धाडलाय. पाचला त्याची जीप निघती."

संस्कृती त्याची भाची, नववीत शिकते. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेले. शिरूर कासारच्या आजूबाजूची निम्मी घरं त्या वेळी कुलूपबंद होतात आणि मागे राहिलेली साठ मुलं आमच्या वसतिगृहात येतात. मी निवृत्त शिक्षक. मुलांना गणित शिकवतो आणि वसतिगृहाची वेबसाइट सांभाळतो.

"अशी मध्येच कशाला नेतोस?" मी विचारलं.

"पंधरा दिस झाले, ताईनं पोरीचा आवाज ऐकला न्हाई. म्हणती, शिक्षण ऱ्हाऊ दे, डोळ्यासमोर तरी असंल."

साठ मुलांत फोन एकच. म्हणून कुणाच्या घरच्यांनी किती वाजता फोन करायचा याची यादी रोज वेबसाइटवर लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर लावून पाहिली होती, पण टोळीतले लोक सारखे सिम बदलतात, आणि ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांखाली यादी गडप होते. दर पाच दिवसांनी एकेकाचा दहा मिनिटांचा नंबर येतो. इतर वेळी फोन केला तर तो दुसऱ्याच्या हातात तरी असतो, नाहीतर बंद.

"ताई रोज बघती," सोमनाथ म्हणाला. "ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर आला की तेवढ्यापुरती रेंज मिळती. म्हणती, ह्यांनी यादी लावायचीच बंद केली. उघडलं की संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो अन् त्यांचं भाषण."

"मी रोज लावतेय की!" संस्कृती दारातून म्हणाली. "मामा, तुझा फोन दे बरं."

तिने पान उघडलं. आधी अध्यक्ष, मग भाषण. तिचा अंगठा वर सरकत राहिला. भाषण संपलं, संमेलनाचे अठरा फोटो गेले आणि अगदी तळाशी यादी दिसली.

चूक माझी होती. बारा दिवसांपूर्वी मी वेबसाइटची थीम, म्हणजे पानाचा साचा, बदलला होता. यादी असते त्या बाजूच्या रकान्याला साइडबार म्हणतात. कॉम्प्युटरवर तो उजव्या हाताला छान दिसत होता. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तो सगळ्यांच्या खाली जातो, हे मी पाहिलंच नाही. उसाच्या फडात कॉम्प्युटर कोण घेऊन बसतं? फोन कमी येतात हे जाणवलं होतं, पण हंगाम जोरात असेल म्हणून सोडून दिलं. संस्कृतीचे दोन नंबर तसेच हुकले.

"आज तुझा नंबर कधी?"

"चार पन्नासला."

"ताईचा फोन आला अन् ती नको म्हणली, तर मी एकटाच माघारी जातो," सोमनाथ म्हणाला. "न्हाईतर माझं काय चालतंय?"

फडात गेलेल्या मुलांपैकी पुन्हा बाकावर येऊन बसणारी किती, हे संस्कृतीला माझ्याइतकंच माहीत होतं.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. पडद्याकडे बघायची मनाई होती. म्हणून कॉम्प्युटरसमोर ती बसली आणि मी शेजारी भिंतीकडे तोंड करून.

"थीम बनवणारा जागोजागी खुंट्या ठोकून ठेवतो," मी म्हणालो. "त्यांना हुक म्हणतात. मजकुराच्या आधी एक, मजकुराच्या नंतर एक. आपला साइडबार नंतरच्या खुंटीवर आहे. तिथून उतरवायचा आणि आधीच्या खुंटीवर टांगायचा. भिंत फोडायची नाही."

"थीमच्याच फाइलीत बदल केला तर?"

"गेल्या वर्षी मी केला होता. थीमची नवी आवृत्ती आली आणि सगळं पुसलं गेलं. तिच्या शेजारी आपली छोटी थीम आहे, तिच्यात लिही."

"सर, खुंटीला लई येळ लागतो का?" सोमनाथने विचारलं. "जीप थांबायची न्हाई."

"तू चहा पी."

साइडबार दाखवणारा कोडचा तुकडा तिने मूळ थीममधून आपल्या छोट्या थीममध्ये नकलून घेतला. अशा तुकड्याला फंक्शन म्हणतात. खाली खुंटी बदलायच्या दोन ओळी लिहून तिने सेव्ह केलं. मग टाइप करायचा आवाज थांबला.

"काय झालं?"

"सर, पांढरं झालं."

"काय पांढरं झालं?"

"सगळंच. भाषण न्हाई, फोटो न्हाई, यादी बी न्हाई."

"अध्यक्ष बी गेले?" सोमनाथने विचारलं.

"गेले."

"तेवढं एक बरं झालं."

हसलं कुणीच नाही. चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साठ मुलांच्या घरच्यांसमोर आता कोरं पान होतं. आवाज मात्र मी वर्गातलाच ठेवला.

"काही पुसू नकोस. चुकांची नोंद असते ती फाइल उघड. शेवटची ओळ वाच."

तिने इंग्रजी ओळ अक्षर अक्षर लावून वाचली. "म्हणतंय, हे फंक्शन पुन्हा जाहीर करता येत न्हाई. आधीच एक हाय... सर, मी नाव तेच ठेवलं. थीममध्ये बी तेच, आपल्यात बी तेच."

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. घड्याळाकडे पाहिलं आणि तरीही गिळलं.

"स्वयंपाकघरातल्या छबुबाई जेवायला सायलीला हाक मारतात, तेव्हा किती जणी येतात?"

"सायल्या चार हायत. पण छबुमावशी नुसतं सायली म्हणतच न्हाई. पालीची सायली, तेलगावची सायली..." ती थांबली. मग कीबोर्डच्या कळा वाजू लागल्या. "गावाचं नाव लावते, सर. शिरूरचा साइडबार!"

"दोन्ही ठिकाणी लाव. जिथे फंक्शन लिहिलंय तिथे आणि जिथे टांगलंय तिथेही."

तिने सेव्ह केलं आणि मामाचा फोन हिसकावून घेतला. पान उघडलं. सगळ्यात वर यादी, त्याखाली अध्यक्ष.

"पण खाली बी एक यादी तशीच हाय. ती तर मी उतरवली होती."

"राहू दे. ती का उतरली नाही ते उद्या शोधू."

चार पन्नास झाले. फोन वाजला नाही. एक्कावन्न. बावन्न. सोमनाथ उठून चप्पल शोधू लागला. त्रेपन्नला फोन वाजला.

रतनबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "कुठं मेलतीस गं तू? पंधरा दिस!"

"आई, यादी खाली गेलती. तळाला होती."

"कुठं का जाईना! आज उघडलं की पयली यादीच, अन् त्यात तुझं नाव. जेवलीस का? खोकला न्हाई ना? अन् मामा आला का?"

"आलाय. आई, मी न्हाई येणार. मला हितंच ऱ्हायचंय."

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग रतनबाई म्हणाल्या, "मामाला दे."

सोमनाथने फोन कानाला लावला. "हां ताई. न्हाई ताई. बरं ताई." त्याने फोन परत दिला. "म्हणती, पोरगी चांगली खणखणीत बोलतीय, तू कशाला नेतोस तिला? जसं काय माझ्याच मनात आलतं!"

तो मुकादमाला सांगायला निघून गेला. संस्कृती उरलेली मिनिटं आईशी बोलत होती, एकीकडे हसत, एकीकडे नाक पुसत. मी खुर्चीला पाठ टेकली तेव्हा कळलं, की सव्वातीनपासून मी ताठच बसलो होतो.

पाच वाजायला आले तशी पालीची सायली दारात येऊन उभी राहिली, हात पुढे करून.

"आटप की गं. आता माझा नंबर हाय."

संस्कृतीने फोन ठेवला. तो सायलीच्या हातात पडतो न पडतो तोच वाजला.