निळा धावदोरा

"ते गठुडं या टेबलावर ठेवू नकोस," मी छकुलीला म्हटलं. "हे टेबल गिऱ्हाइकांचं आहे."

"मग मला गिऱ्हाईक समज," असं म्हणून तिने गठुडं ठेवलंच आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकलं. लॉन्ड्रीच्या तीन पायऱ्या काय त्या चढून आली होती, पण धाप अशी लागली होती की पुढचं वाक्य यायला वेळ लागला.

छकुली ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. एकेचाळीस वर्षांची, शाळेत चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारी, अंगाने माझ्या दीडपट. पण लहानपणी पडलेलं नाव काही तिला सोडत नाही. त्या दिवशी मात्र ती खरंच लहान दिसत होती. ओठांचा रंग उडालेला. अंगात काळे कपडे. गेले चार महिने मी तिला काळ्यातच बघत होते आणि बाईसाहेबांना काळा रंग आवडायला लागला, एवढंच समजत होते. निदान मला तरी कळायला हवं होतं.

"या आठवड्याच्या दोन चादरी आहेत आणि गादीची खोळ," ती म्हणाली. "डाग गेले पाहिजेत. ते तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही मावशी. आणि हे बघ, कुणाला सांगू नकोस."

मी हातातली बाटली खाली ठेवली. तेच शब्द, तोच सूर, बोलताना मानेवर हात फिरवायची तीच लकब. सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून तिची आई मला हेच म्हणाली होती. क्षणभर वाटलं, ताईच आली. खरं सांगते, मला भीती वाटली.

या लॉन्ड्रीत मी एकतीस वर्षं डाग काढते. मालकांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे मला डागबाई म्हणतात आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. शाई, गंज, तेल, चहा, रक्त, प्रत्येकाची खोड वेगळी. रक्ताला गार पाणी लागतं. गरम लागलं की ते कापडात कायमचं घर करतं. आणखी एक गोष्ट मी नव्या बायकांना पहिल्याच दिवशी शिकवते. कापड ओलं झालं की डाग लपतो. म्हणून भिजवण्याआधी डागाभोवती धावदोऱ्याचं रिंगण घालायचं. रक्ताला निळा दोरा, कारण रक्तात लाल दोरा कुठला दिसायला? कापड वाळलं की रिंगणात बघायचं, आणि डाग गेला असेल तरच दोरा उसवायचा.

"किती दिवस जातंय?" मी विचारलं.

"तू धू ना. चौकशा कशाला?"

"किती दिवस?"

"आजचा सोळावा." ती खिडकीकडे बघत होती. "मध्ये चार दिवस थांबलं होतं. अगं, चाळिशी उलटली की व्हायचंच असं. शाळेतल्या सगळ्याजणी हेच म्हणतात. पाळी जाताना दारं आपटत जाते म्हणे."

"त्या सगळ्याजणींत डॉक्टर किती आहेत?"

तिला हसू आलं, पण ते पुरं करायला दम नव्हता.

पुष्कळ घासाघीस झाली. उद्या डॉक्टरांकडे यायचं, नाहीतर हे गठुडं जसंच्या तसं तुझ्या नवऱ्याच्या हातात देईन, असा मी दम भरला तेव्हा कुठे ती कबूल झाली. तीही एका अटीवर. "तू बरोबर ये. पण आत तोंड उघडायचं नाही. काय सांगायचं ते मी सांगेन."

मी हो म्हटलं. त्या घरातल्या बायकांना हो म्हणायची मला सवयच आहे.

ती गेल्यावर मी गठुडं सोडलं आणि निळा दोरा ओवला. पहिलं रिंगण पुरं होईपर्यंत ताई समोरच्या खुर्चीत येऊन बसली होती. ती अशी येते. मी वर बघत नाही.

ताईची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. मग एके दिवशी ती पिशवीतून टॉवेल घेऊन आली आणि डोळे मिचकावत म्हणाली, "परत आलीय गं. मी परत तरणी झाले बघ!" आम्ही दोघी हसलो. इतक्या हसलो की इस्त्रीवाला काय झालं म्हणून बघायला आला. मग ती म्हणाली, "पण कुणाला सांगू नकोस, लोक काय म्हणतील." पुढच्या महिन्यात दोन टॉवेल आले. मग चादर. मग दर आठवड्याला चादर. मी सगळं इतकं स्वच्छ करून द्यायचे की घरात कुणाला संशय आला नाही. पुढे पुढे तर ताईलाही वाटायला लागलं की काही फारसं जात नाही. कपाट उघडावं तर आत सगळं पांढरंशुभ्र.

पाचव्या महिन्यात ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. कधीपासून म्हणाले, तर ताई म्हणाली, एवढ्यातच. किती जातंय म्हणाले, तर म्हणाली, "थोडंसंच." मी तिच्या मागे उभी होते. तिच्या चादरींवर एकूण एक रिंगण घालणारी मी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, कारण मी तिला शब्द दिला होता. शक्तीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. आणखी तीन महिन्यांनी खरं काय ते कळलं. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर; तोपर्यंत तो पोटात सगळीकडे पोचला होता. छकुलीला आम्ही सांगितलं की अचानक झालं. ताईनेच तसं सांगायला लावलं आणि मला ते सोयीचं होतं.

तेव्हापासून मला नसलेले डाग दिसतात. वाळत घातलेल्या चादरीच्या मधोमध तपकिरी ठिपका उमटतो. मी ती ओढून नळाखाली नेते आणि मागून मालक म्हणतात, "अहो डागबाई, ती धुतलेली आहे." ते भले आहेत, रागावत नाहीत. डोळे तपासून घ्या, एवढंच म्हणतात.

छकुलीच्या चादरींवर नऊ रिंगणं झाली. "थोडंसंच आहे गं," ताई खुर्चीतून म्हणाली. मी दोरा तोडला, चादरींची घडी केली आणि परत गठुडं बांधलं. आलेला डाग भिजवायचा नाही, असं एकतीस वर्षांत पहिल्यांदाच केलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात छकुलीने माझ्या काखेतलं गठुडं बघितलं. "हे कशाला आणलंस?"

"इथून परस्पर कामावर जायचंय," मी म्हटलं. खोटं बोलणं आता माझ्या हाताला बसलं आहे.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. वय, मुलं, आधीची पाळी कशी होती, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "आणि अंगावरून किती जातंय?"

"थोडंसंच," छकुली म्हणाली.

समोरच्या भिंतीवर इथे कॅलेंडर नव्हतं. बघायला दुसरं काही नव्हतं. मी पुढे झाले, गठुडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली.

"मावशी!" छकुली ओरडली. "तू शब्द दिला होतास!"

"हो, दिला होता," मी म्हटलं आणि चादर उलगडली.

डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. "हा निळा दोरा कसला?"

"डाग कुठे आहे ते कळावं म्हणून घालतो. हे सगळं एका आठवड्याचं आहे."

त्यांनी सगळ्यात मोठ्या रिंगणावर पंजा पसरून धरला. पंजा कडेला पोचला नाही. मग त्या उठून आल्या, छकुलीची खालची पापणी ओढून बघितली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी परत विचारते हं. किती जातंय?"

मग छकुली बोलली. रडत बोलली. गाठी पडतात, तासाभरात पॅड बदलावं लागतं, वर्गात ती खुर्चीवर बसतच नाही, फळा धरून उभी राहते आणि कधीकधी फळ्यावरची अक्षरंच दिसेनाशी होतात. पोरांना वाटतं, बाई विचार करतायत.

"याला बरीच कारणं असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिशवीत साध्या गाठी असतील, अस्तर जाड झालं असेल, थायरॉइड असेल, संप्रेरकांचा गोंधळ असेल. वयावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. रक्त तपासू, सोनोग्राफी करू आणि अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. घरात कुणाला असं काही झालं होतं? आईला?"

"आईचं अचानक झालं," छकुली डोळे पुसत म्हणाली.

आता गप्प बसले असते तरी चाललं असतं. गठुडं सुटलं होतं, तपासण्या होणार होत्या. पण आता मला थांबता येईना.

"अचानक नाही झालं," मी म्हटलं. "पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, मग परत जायला लागलं. आठ महिने जात होतं. पहिल्या टॉवेलपासून सगळं मीच धुऊन देत होते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पाळी बंद होऊन वर्ष झालं की नंतर एक ठिपका जरी दिसला तरी लगेच यायचं असतं."

"आता माहीत आहे," मी म्हटलं.

छकुलीने माझ्याकडे बघितलं. रागावली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ भरलं, बारा हवं तिथे. तिला तिथेच भरती करून घेतलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या. मी रोज दवाखान्यात जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून परत यायचे. आत बोलावणं आलं नाही. दहा दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. तुकड्यात वाईट काही निघालं नव्हतं. गाठी होत्या, आधी औषध, नाही भागलं तर ऑपरेशन. तो आनंदाने बोलत होता आणि मी फोन कानाला लावून जमिनीवर बसून रडत होते. छकुली वाचली म्हणून रडत होते, आणि कुणीतरी वाचू शकतं, हे कळलं म्हणूनही.

त्यानंतर महिन्याने ती माझ्या घरी आली. तिने दार वाजवलं नाही, दारात उभीच होती. गालावर रंग आला होता. अंगात पिवळे कपडे होते.

"एकच विचारायला आलेय," ती म्हणाली. "आई तेव्हाच डॉक्टरांकडे गेली असती, पहिल्या टॉवेलच्या वेळी, तर?"

"मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. बहुतेक वाचली असती म्हणाल्या."

ती पलंगावर बसली. मग मी ट्रंक उघडली आणि तळाची चादर काढून तिच्या मांडीवर ठेवली. ताईची शेवटची चादर. ही द्यायची राहून गेली, दोराही तसाच राहिला, कारण ती न्यायला ताई आलीच नाही.

छकुलीने चादर उलगडली. मधोमध निळं रिंगण होतं, परातीएवढं. तिने त्यावरून हात फिरवला, मग उठून खिडकीपाशी गेली आणि कापड उजेडात धरलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"आत तर काहीच नाही गं मावशी," ती म्हणाली. "डाग कुठे आहे?"

"मी काढला," मी म्हटलं.