मुक्कामाखालची लाल रेघ

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडसुद्धा नाही. तरी आयुष्यभर बोलणी खाल्ली ती बडबड्या म्हणून! मी एक जुना लिंटर आहे. नाव ऐकलं नसेल तुम्ही. हरकत नाही, माझं नाव कुणी कौतुकानं घेत नाहीच. संगणकाला कामं सांगणारा मजकूर, म्हणजे प्रोग्रॅम, माणसं ज्या एडिटरमध्ये लिहितात, तिथे मी मागे बसलेला असतो. लिहिणाऱ्याची ओळ संपते न संपते तोच मी ती वाचतो आणि जिथे काही खटकेल तिथे खाली नागमोडी रेघ मारतो. चूक मी दुरुस्त करत नाही. प्रोग्रॅम चालवूनही बघत नाही. नुसती रेघ मारायची आणि कारण म्हणून एक वाक्य लिहायचं, एवढाच माझा धंदा.

माझा जन्म कुठल्या एका गावी झाला नाही. देशोदेशीच्या कितीतरी जणांनी फावल्या वेळात मला घडवलं. प्रत्येकानं स्वतःला झालेला एखादा मनस्ताप आठवून मला एकेक नियम शिकवला. कुणाचा कंस मिटायचा राहिला होता, कुणी एकच नाव दोन जागी देऊन बसला होता. दुसऱ्यांच्या फजितीवर वाढलेलं पोर मी, त्यामुळे स्वभाव जरा खवचट झाला, हे कबूल करतो.

ऐन उमेदीची सहा वर्षं मी पुण्यात काढली. हेमंत नावाचा मोखाड्याचा मुलगा तिथे एका कंपनीत होता, त्याच्या संगणकावर. काय दरारा होता माझा! मी कशाला रेघ मारायची आणि ती कोणत्या रंगाची, हे एका सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. त्या कंपनीनं माझे सगळे नियम चालू केले होते आणि सगळ्यांना एकच रंग दिला होता, लाल. ओळ लांब झाली, लाल. मोकळी जागा जास्त सुटली, लाल. सगळं काम बुडवेल अशी चूक झाली, तीही लालच. पण तिथली मंडळी मुरलेली. माझ्याकडे बघायची, हसायची आणि म्हणायची, "हे राहू दे रे, याची सवयच आहे." मला राग यायचा. आज वाटतं, मला ओळखून होती ती माणसं.

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या सुट्टीत, हेमंतनं मला पेनड्राइव्हमध्ये घालून जव्हारला आणलं. तिथे एका खोलीत मुलांसाठी अभ्यासिका चालते. दोन जुने संगणक, एक पंखा आणि प्रगती. प्रगती तेवीस वर्षांची, जामसरकडची. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, म्हणून ती आश्रमशाळेत राहून शिकली. आता तिनं मनावर घेतलं होतं की दहावीच्या परीक्षेला लांबच्या पाड्यांवरचं एकही पोर गाडी नाही म्हणून मागे राहता कामा नये. अभ्यासिकेनं एक जीप ठरवली होती. सकाळी कुठून कुणाला घ्यायचं, याची यादी तयार करणारा प्रोग्रॅम प्रगती लिहीत होती.

मुलांकडून तिनं अर्ज भरून घेतले होते. नाव, गाव आणि मुक्काम. आता तुम्ही म्हणाल, गाव विचारल्यावर मुक्काम कशाला? अहो, तीच तर इथली गोष्ट आहे! परीक्षा येते मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये पाड्यावरची निम्मी घरं बंद असतात. दाराला काटेरी फांदी आडवी लावली की घर बंद, माणसं भट्टीवर. मागे राहिलेलं दहावीचं पोर मग कधी मावशीकडे, कधी आत्याकडे, कधी दुसऱ्याच टोकाच्या गावी. प्रगती स्वतः अशी वाढली होती, म्हणून तो तिसरा रकाना तिला सुचला. पुण्यात बसून तो कुणालाच सुचला नसता.

अर्जातून मुक्काम वाचून घेणारी एक ओळ तिनं लिहिलीही होती. त्या मुक्कामाप्रमाणे जीप वळवायची, हा पुढचा भाग मात्र राहिला होता. लिहिता लिहिता वीज गेली, आणि दुसऱ्या दिवशी हेमंत मला घेऊन आला.

"माझीच सेटिंगची फाईल टाकलीय, कंपनीतली," तो म्हणाला. "एकदम कडक आहे. तिला हात लावू नको."

माझ्याबरोबर त्यानं लँग्वेज सर्व्हरलाही बसवलं. हा माझा जोडीदार. प्रोग्रॅममधलं कुठलं नाव कुठे जन्मलं आणि पुढे कुठे कुठे वापरलं, हे त्याला तोंडपाठ असतं. मी रेघ मारली की तो शेजारी इवलासा दिवा लावतो. दिव्यावर टिचकी मारली की तो उपाय सुचवतो.

प्रगतीनं फाईल उघडली आणि मी माझं काम केलं. एकशे बारा लाल रेघा!

"अगं बाय!" ती म्हणाली. "एवढं चुकलं माझं?"

चुकलं नव्हतं, मित्रांनो. त्यातल्या शंभर रेघा मोकळ्या जागांच्या आणि लांब ओळींच्या होत्या. त्या मिटवल्या नसत्या तरी काडीचा फरक पडला नसता. पण मी तसं सांगितलं नाही. मला तसं सांगताच येत नव्हतं, सगळ्या रेघा एकाच रंगाच्या होत्या.

चार दिवस ती मान मोडून बसली. एक रेघ मिटली की वहीत काट मारायची. तिच्या आश्रमशाळेत मुलं लाल पेनाला फार भीत असत. गुरुजींनी ज्याच्याखाली लाल केलं ते खोडायचं आणि पुढे जायचं, का म्हणून विचारायचं नाही. माझी रेघही तिला गुरुजींचीच वाटली. शेवटच्या दिवशी ती त्या ओळीवर आली. माझं वाक्य असं होतं: 'मुक्काम' हे नाव घेतलं आहे, पण पुढे कुठेही वापरलेलं नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. ते नाव खरंच कुठे वापरलेलं नव्हतं, कारण काम अर्धं राहिलं होतं. ती थांबली, भुवया आक्रसून बघत राहिली. मला वाटलं, आता आठवेल हिला. तेवढ्यात माझ्या जोडीदारानं दिवा लावला. 'न वापरलेलं काढून टाका.' प्रगतीनं बटण दाबलं. ओळ गेली, रेघ गेली, आणि अर्ध्या राहिलेल्या कामाची ती एकुलती एक आठवणही गेली.

मी म्हणालो होतो, 'वापरलेलं नाही'. 'नको आहे' असं मी म्हणालोच नव्हतो हो! पण शंभर क्षुल्लक गोष्टींसाठी ज्या आवाजात ओरडलो, त्याच आवाजात तेही ओरडलो. तिला फरक कळावा तरी कसा?

तिनं हेमंतला स्वच्छ पडद्याचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "एकपण रेघ नाही? शाब्बास! आमच्या कंपनीतल्या पोरांना जमत नाही हे." प्रगती हरखली. खोटं कशाला सांगू, मीही फुगलो. कारकिर्दीत इतकी निर्मळ फाईल मी पाहिली नव्हती.

पुढचं मला कळलं ते पहिल्या पेपरच्या संध्याकाळी. जीपचा चालक उमेश अभ्यासिकेत आला. प्रगतीनं विचारलं, "सगळी पोचली ना?"

"एक सोडून. दाभोशाकडची रुपी. घर बंद, दारात काटी लावलेली. हॉर्न मारला, कोणी येई ना. म्हटलं, गेली आईबापासंगं भट्टीला. दरसाल कोणी ना कोणी जातंच की, बाय."

त्यात त्याचा दोष नव्हता. बंद दार म्हणजे भट्टी, हे या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण प्रगतीचा चेहरा उतरला. तिनं अर्जांचा गठ्ठा काढला. रुपीच्या अर्जावर तिसऱ्या रकान्यात टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पुतळी मावशीकडे, जामसर फाट्याजवळ.

त्या खेपेला गावाबाहेर मुक्काम असलेली ती एकटीच होती. दाभोसा एकीकडे आणि जामसर भलतीकडे. प्रगती संगणकाशी आली, तिनं सगळ्या प्रोग्रॅममध्ये 'मुक्काम' शोधायला सांगितलं. माझ्या जोडीदारानं इमानदारीनं उत्तर दिलं: एकही सापडलं नाही. मग ती खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मी तिच्यासमोर होतो. फाईल तेव्हाही निर्मळच होती, एकही रेघ नाही.

रुपीशी बोलणं झालं तीन दिवसांनी. पाड्यावर फोनला रेंज नाही. प्रगती जामसरला गेली तेव्हा मावशी म्हणाली, पोर भट्टीवर गेली. तिथल्या कुणाच्या तरी फोनवर रुपी भेटली. प्रगतीनं फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ताई, मी सहापासून फाट्यावर उभी होती," रुपी म्हणाली. "जीप येतेच आता, येतेच आता, असं करत नऊ वाजले. मंग चालाया लागली. पुढं एका मोटारसायकलवाल्यानं घेतलं. पोचली तवा पावणेबारा झालेले. फाटक बंद. ते तरी काय करतील?"

"रुपी, चूक माझी होती गं. तुझं नाव होतं यादीत, फक्त..."

"हां? होतं नाव?" तिनं विचारलं. "मला वाटलं, नावच नसंल माझं. तिथं उभी राहून तेच वाटत होतं."

"जुलैत परत परीक्षा असते. मी तुझा फॉर्म भरते."

"जुलैत भाताची आवणी असते ताई. शेतात हात लागतात."

"मग पुढच्या मार्चला. भरू ना?"

"बघू," रुपी म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

तिच्या पाड्यावरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी होती, हे प्रगतीनं नंतर उमेशला सांगितलं.

त्या दिवशी प्रगतीनं मला बंद करून टाकलं. रागावली नाही. तीन टिचक्या, आणि मी गप्प. आठ महिने तसाच पडून होतो. तिनं कितीतरी लिहिलं, चुकलीही असेल, मला एका अक्षराला शिवायची परवानगी नव्हती. दुर्लक्षाचं दुःख होतंच. पण खरं सलत होतं ते वेगळं. फाट्यावर सहा वाजता उभी राहिलेली ती पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी तिला कधी पाहिलंही नाही.

दिवाळीत हेमंत आला. प्रगतीनं त्याला सगळं सांगितलं. तोही मान खाली घालून बसला. "हात लावू नको म्हणालो ना मी, तेच चुकलं माझं," तो म्हणाला. "ती फाईल आमच्या कंपनीची होती, तुझी नव्हती." मग दोघांनी ती सेटिंगची फाईल पहिल्यांदा ओळीओळीनं वाचली. प्रत्येक नियमापाशी तो विचारायचा, "याची तुला गरज आहे?" मोकळ्या जागांचे नियम गेले. लांब ओळींचे गेले. लाल रंग उरला तो प्रोग्रॅम कोसळेल अशा चुकांपुरता. न वापरलेल्या नावाला पिवळा दिला, आणि ते पुसून टाकणारा दिवा कायमचा मालवला.

आता मी पुन्हा कामावर आहे. दिवसाकाठी दोन-तीन रेघा मारतो. मारली की प्रगती थांबते, वाचते, आधी अर्ज बघते, मग ठरवते. हे मी आधीच कमावलं असतं तर!

मित्रांनो, तुमच्या वहीवर कुणी लाल रेघ मारेल, तुमच्या लिहिण्यावर, बोलण्यावर, घरच्या चालीरीतींवरसुद्धा मारेल. घाबरून लगेच खोडू नका. हे मी कशासाठी लिहिलं होतं, एवढं स्वतःला विचारा. आणि उद्या लाल पेन तुमच्या हातात आलं, तर ते जपून वापरा. उठसूट ओरडणाऱ्याची खरी हाक कुणी ऐकत नाही, हे मी माझ्या करणीनं शिकलो.

मुक्कामाची ओळ प्रोग्रॅममध्ये परत आली आहे, आणि जीप आता त्याच रकान्यावरून वळते. यंदाच्या यादीत रुपीचंही नाव आहे. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. फॉर्मवर सहीची जागा कोरी आहे, प्रगती पुढच्या आठवड्यात भट्टीवर जाणार आहे.

त्या ओळीच्या वर प्रगतीनं एक टीप लिहून ठेवली आहे. अशा टिपा माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या असतात. त्या तपासणं माझं काम नाही, त्यांच्यावरून सरळ पुढे जायचा माझा नियम आहे. पण तिथे आलो की माझ्यानं पुढे जाववत नाही. तिथे लिहिलंय: 'हा रकाना काढू नये. काढावासा वाटलाच, तर आधी रुपीला विचारावं.'