मागच्या डाव्या अंगाचा आवाज

“काका, या वयात गाडी दबवून काय रेस लावता?” गाडीखालून बाहेर येत अनुप हसला.

“माह्या बायकोले पाय उचलता येत नाई,” देवमन वानखडे करवादला. “कमरेच्या हाडात गाठ उतरली तिच्या. अकोल्याले क्यान्सरच्या दवाखान्यात शेक द्याले न्या लागते. गाडीत चढताना जीव जाते तिचा. दोन बोटं खाली पायजे गाडी. हास आता!”

अनुपचं हसू तिथंच विरलं. बडनेरा रोडवरच्या त्याच्या गॅरेजात गाडी खाली करायला यायची ती कॉलेजातली पोरं. त्यांना दिसण्याशी मतलब, पाठीला बसणाऱ्या दणक्याशी नाही.

“स्प्रिंग कापली त सस्त्यात होते, पन गड्ड्यात दनका बसते,” तो म्हणाला. “वरखाली करता येनारी किट झकास दिसते, पन खडखड करते.”

“अन नरम?”

“नरम पायजे त ठेंगनी स्प्रिंग, तिच्याच जोडीचे शॉकअप, अन सारे रबर नवे. दोनच बोटं दबते. पन आवाज म्हनसान त अजिबात नाई.”

“तेच टाक.”

देवमनने जन्मभर एस.टी. चालवली, अमरावती ते अकोला. कुठला नट ढिला आहे ते तो स्टिअरिंगवर बसल्या बसल्या सांगायचा. घरातलं मात्र त्याला दोनदा सांगावं लागतं, ही सुंदराबाईची लग्नापासूनची तक्रार.

अकोल्याच्या पुढच्या फेरीला सुंदराबाईने कुणाचा हात न धरता पाय आत घेतला आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला टेकली. गाडी काय गुळगुळीत चालली म्हणता! “बाप्पा, आराम वाटते वो,” ती म्हणाली, आणि हा गडी नवरदेवासारखा खूश झाला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी स्पीडब्रेकरवर चढली आणि मागून बारीक आवाज आला. पुढच्या ब्रेकरवर पुन्हा. देवमनने गाडी बाजूला घेतली आणि वाकून खाली पाहिलं.

“काहून थांबले?”

“मांगून, डाव्या अंगानं आवाज येऊन राहिला. कच्चं रबर टाकलं त्या लेकाच्यानं!”

सुंदराबाईने पदराने तोंड पुसलं. “जाऊ द्या ना,” ती म्हणाली. “त्या पोराले बोलू नका काही.”

पण ऐकेल तो देवमन कसला! अकोल्याहून परतताना तिच्यासकट गाडी थेट गॅरेजात घातली. “अनुप्या, फसवलं तू मले!”

तिला खुर्चीवर बसवून अनुपने गाडी एकट्याने फिरवून आणली. आवाज नाही.

“रिकामी गाडी कशी बोलीन? वजन पायजे,” देवमन म्हणाला. सुंदराबाईला त्याने पुन्हा मागे बसवलं, ऐकायला तिच्याशेजारी अनुपला बसवलं आणि स्वतः गाडी गल्लीतल्या ब्रेकरवर घातली. आवाज आला.

“आयकला? आयकला का?” देवमन केस जिंकल्यासारखा ओरडला. “थांब, अजून एकडाव नेतो.”

“नका नेऊ काका.”

“काहून? कायचा आवाज हाये मंग?”

“गाडीचा नाई.”

देवमन मागे वळला. सुंदराबाईने पदराचा बोळा दातांत दाबून धरला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आंधी गाडीच्या खडखडात खपून जाये माहं कन्हनं,” बोळा काढून ती म्हणाली. “आता तुमी इतक्या हौसेनं गाडी नरम केली. कोन्या तोंडानं सांगू?”

“पयल्यापासून दुखते असं?”

“पयल्यापासून.”

अनुप खाली मान घालून उतरला. साऱ्या रस्त्याभर हिच्यापुढं बसून आपण काय ऐकत होतो, देवमनला समजेना.

“तो पदर पुन्हा तोंडात नको घालू,” तो कसाबसा म्हणाला. “मोकळी कन्ह. मी आयकतो.”

गल्लीतून निघताना तोच ब्रेकर त्याने मुंगीच्या चालीने ओलांडला. सुंदराबाई मोठ्याने कण्हली. उन्हाने गाडी भट्टीसारखी तापली होती, रस्त्यावर ऑटोवाल्यांचे हॉर्न वाजत होते. घर येईपर्यंत देवमनने कान मागे लावले आणि एकही काच खाली केली नाही.