पान एकेचाळीस

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे त्यांना घाईची भारी चीड. आणि मी पडलो घायकुता. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचे कल्पनारम्य खेळ मी लिहितो. नव्या पुस्तकात उगवतीकडचं, चीन-जपानच्या वळणाचं एक राज्य घातलं होतं. सासऱ्यांचं घराणं मूळचं तिकडचं, म्हणून हस्तलिखित त्यांना तपासायला दिलं. खरं सांगायचं तर मला तपासणी नको होती, नुसती मान डोलावलेली हवी होती.

त्यांनी तीन आठवडे घेतले. डोळ्याला भिंग लावून, पेन्सिलीने.

"जावईबापू, तुमचा योद्धा जपानी, झगा चिनी आणि टोपी कोरियन. बिचाऱ्याने जायचं कुणाच्या घरी?"

मीही हसलो. 'पिवळे लोक' काढलं, सतरा ठिकाणचं 'गूढ' खोडलं आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पान एकेचाळीसवर एक जादुई वस्तू होती: पूर्वजपाटी. मेलेल्याचं नाव कोरलेली लाकडी पाटी. फोडली की त्याचा आत्मा तुमचा गुलाम, वर सहा गुण. तिथे त्यांनी काहीच खोडलं नव्हतं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ही आमच्या घरातली आहे. काढता आलं तर बघा.'

खरंच त्यांच्याच घरातली. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी बैठकीच्या फळीवर पुजलेली असायची. तिच्यासमोर बसून चहा पिताना मला ती कल्पना सुचली होती.

छपाई दोन दिवसांवर आली होती. ते पान काढलं तर पुढची सगळी पानं सरकणार. पुढच्या आवृत्तीत बघू म्हटलं आणि तसंच सोडलं. वर पहिल्या पानावर ठळक छापलं: 'यातली प्रत्येक गोष्ट माझ्या सासऱ्यांनी तपासून मान्य केली आहे.'

प्रत हातात दिली तेव्हा त्यांनी पहिलं पान वाचलं, मग थेट एकेचाळीसावं काढलं.

"छपाई छान झालीय," एवढंच म्हणाले.

शरमेने मान खाली जायला हवी होती. मला हायसं वाटलं. त्यानंतरही ते माझ्याशी बोलायचे, चहा विचारायचे. पण 'जावईबापू' म्हणाले नाहीत, एकदाही नाही.

चार महिन्यांनी ते गेले. सुताराकडून त्यांच्या नावाची पाटी आली, त्यांच्या वडिलांच्या पाटीशेजारी ठेवायची होती. फळी उंच, म्हणून मी हात पुढे केला. बायकोने पाटी छातीशी धरली. माझे खेळ तिने कधी वाचले नव्हते. पण बाबांची खोली आवरताना तिला उशाशी माझं पुस्तक सापडलं होतं, एकेचाळीसाव्या पानात पेन्सिल ठेवलेलं.

"बाबांनी मान्य केलं होतं ना?" तिने विचारलं. "मग सांग, यांची फोडली तर सहाच गुण, की जास्त?"

स्टुलावर चढून पाटी तिने एकटीनेच ठेवली.